वावरात, पोटात, विहिरीत: जिवाणू नेमकं करतात तरी काय?

सोयाबीन फुलावर यायच्या सुमारास, जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला, एखादं झाड मुळासकट काढून बघा. ओढून उपटू नका. ओल्या काळ्या जमिनीत मुळं तुटतात आणि जे बघायचं तेच मातीत राहून जातं. खुरप्यानं चौफेर माती मोकळी करा, ढेकळासकट झाड वर काढा आणि बादलीभर पाण्यात बुडवून माती आपोआप सुटू द्या. मुळांवर मुगाच्या दाण्याएवढ्या, काही त्याहून मोठ्या गाठी दिसतील. त्यातली एक नखानं फोडा. आतून लालसर गुलाबी निघाली तर त्या गाठीत काम जोरात चालू आहे. पांढरी निघाली तर काम अजून सुरू व्हायचं आहे, किंवा आत शिरलेले जिवाणू कामाचे नाहीत. हिरवट किंवा करडी असेल तर तिचा हंगाम संपला.

हे काम म्हणजे हवेतला नत्र पिकाला खाता येईल अशा रूपात आणणं. हवेत नत्र ७८ टक्के आहे. तुरीच्या, कपाशीच्या प्रत्येक पानाभोवती तो भरून आहे, पण पिकाला त्याचा काडीचा उपयोग नाही. नत्राचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की वनस्पतीला ते सोडवताच येत नाहीत. खताच्या कारखान्यात ते सोडवायला ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि नेहमीच्या हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. आपण युरियाची गोणी घेतो तेव्हा ती आग आणि तो दाब विकत घेत असतो. सोयाबीनच्या गाठीतला जिवाणू हेच काम वावरातल्या साध्या तापमानाला, कुठल्याही यंत्राशिवाय करतो.

त्यात एक मोठी अडचण असते आणि ती ज्या पद्धतीनं सुटते ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. नत्र सोडवणारं जे विकर (एन्झाइम) जिवाणूकडे असतं, त्याला प्राणवायू लागला की ते निकामी होतं. पण जिवाणूला जगायला, एवढं कष्टाचं काम करायला प्राणवायू तर हवाच. मग झाड गाठीच्या आत एक लाल द्रव्य तयार करतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातीचं, त्यातही लोह असतं. ते प्राणवायूला धरून ठेवतं आणि जिवाणूला श्वासापुरता, मोजून मोजून देतं. गाठ फोडल्यावर दिसतो तो हाच लाल रंग. मोबदल्यात झाड जिवाणूला पानात तयार झालेली साखर पाठवतं. जर्मनीत हेलरिगेल आणि विलफार्ट या दोघांनी १८८० च्या दशकात हा नत्राचा उगम गाठीत असल्याचं सिद्ध केलं आणि १८८८ मध्ये हॉलंडच्या बायरिंकनं गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवून दाखवला. कडधान्यानंतर जमीन सुधारते हे मात्र शेतकऱ्याला त्याआधी कितीतरी शतकं ठाऊक होतं. कपाशीत तुरीचं तास टाकण्याची आपली रीत त्याच जाणतेपणातली.

प्रत्येक कडधान्याचा जिवाणू सारखा नसतो. हरभऱ्याच्या मुळात घर करणारा सोयाबीनच्या मुळाला चालत नाही. तूर, मूग, उडीद, हरभरा ही पिकं आपल्या जमिनीत पिढ्यान् पिढ्या आहेत, त्यामुळे त्यांचे सोबती मातीत आधीपासून आहेत. सोयाबीन मूळचं चीनकडचं. विदर्भात ते गेल्या काही दशकांतच पसरलं. ज्या वावरात ते पहिल्यांदाच पेरलं जातं, तिथं त्याचे जिवाणू जवळजवळ नसतातच. म्हणून पेरणीआधी बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळायला सांगतात.

आणि इथंच आपल्याकडे पाकिटाची हेळसांड होते. संवर्धकाच्या पाकिटात औषध नसून जिते जीव असतात. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये, ४५ अंशाच्या उन्हात ते पाकीट पडून राहिलं तर पेरणीपर्यंत आत नुसती काळी भुकटी उरते. विकत घेताना शेवटची तारीख बघा, घरी सावलीत थंड जागी ठेवा. बियाण्याला आधी बुरशीनाशक लावा, ते सुकू द्या आणि सगळ्यात शेवटी जिवाणू. दोन्ही एकत्र कालवले तर पैसे वाया गेले म्हणून समजा. लावलेलं बियाणं उन्हात नका पसरू, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा.

'सोयाबीन पिवळं पडलं, युरिया फेका भाऊ,' असं पारावर कोणीतरी हमखास सांगतं. आधी मूळ काढून बघा. झडीचा पाऊस लागून वावरात पाणी साचलं असेल तर मुळांना हवाच मिळत नाही आणि गाठी बंद पडतात. तिथं पाण्याला वाट करून देणं हा उपाय. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पानं पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या असतील तर बहुतेक वेळा लोहाची कमतरता असते. युरिया जास्त दिला की झाडाला नत्र फुकट मिळतो, मग ते जिवाणूला साखर घालायचं कमी करतं आणि गाठी कमी धरतात.

आता जिवाणू म्हणजे काय ते थोडक्यात. एकाच पेशीचा जीव, लांबी साधारण मिलिमीटरचा हजारावा भाग किंवा त्याच्या दोन-चार पट. त्याला डोकं नाही, पोट नाही, पेशीत केंद्रकसुद्धा नाही. १६७६ मध्ये हॉलंडमधल्या लेव्हेनहूक नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्यानं स्वतः घासलेल्या भिंगातून पाण्यात ते पहिल्यांदा पाहिले. विषाणू याहून फार लहान, त्याला स्वतःची पेशीच नसते, दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय तो वाढू शकत नाही. डेंग्यू, चिकुनगुनिया, सर्दी, जनावरांचा लम्पी हे विषाणूचे आजार. बुरशी ही तिसरीच जात. ट्रायकोडर्मा बुरशी आहे, जिवाणू नाही. कृषी केंद्रात आणि दवाखान्यात दोन्हीकडे हा फरक लक्षात ठेवला तर बराच खर्च वाचतो.

जिवाणूची ताकद त्याच्या वाढीच्या वेगात आहे. तो खातो, उत्सर्जन करतो आणि मधोमध फुटून एकाचे दोन होतात. आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा जिवाणू भरपूर अन्न आणि ऊब मिळाली तर २० मिनिटांत दुप्पट होतो. एकापासून सुरुवात केली तर सात तासांत वीस लाखांच्या वर. अन्न संपेपर्यंत किंवा स्वतःच्याच उत्सर्जनानं जागा खराब होईपर्यंत हे चालतं. त्याच्या मनात आपलं भलं नाही आणि वाईटही नाही. तो कुठं आहे, तिथं त्याला काय खायला मिळतंय आणि हवा, ऊब, ओल किती आहे, यावर तो आपल्या कामी येणार की घात करणार हे ठरतं.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण एकाच आम्लाचं आहे. रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण टाकतो. त्यातले जिवाणू दुधातली साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. आम्ल वाढलं की दुधातली प्रथिनं एकमेकांना धरतात आणि दही लागतं. दूध आधी उकळायचं ते त्यातले बाकीचे जिवाणू मरावेत म्हणून, आणि बोट सहन करील इतकं निवू द्यायचं ते विरजणातले मरू नयेत म्हणून. पौषाच्या थंडीत भांडं गोधडीत गुंडाळून ठेवावं लागतं आणि वैशाखात तेच दही चार-पाच तासांत आंबट होऊन बसतं, यात सगळा फरक तापमानाचा.

आता बैलाकडे या. तो कुटार, कडबा खातो, पण कुटारातलं सेल्युलोज पचवणारं रसायन त्याच्या स्वतःच्या शरीरात तयारच होत नाही. पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात अब्जावधी जिवाणू आणि इतर सूक्ष्मजीव ते कुजवून देतात आणि त्यातून जे निघतं त्यावर बैल जगतो. एखाद्या रात्री दावं तोडून तो ज्वारीच्या राशीवर तुटून पडला की काय होतं ते खेड्यात सगळ्यांनी पाहिलेलं असतं. सकाळी पोट टम्म, रवंथ बंद, पाय लटपटतात. झालेलं असतं असं: दाण्यातलं पिठूळ एकदम आलं, ते खाणारे लॅक्टिक आम्लाचे जिवाणू भराभर वाढले, पोटात आम्ल साचलं, कुटार पचवणारे मेले आणि आम्ल रक्तात उतरलं. दुधात ज्यानं दही होतं, त्याच आम्लानं बैल दगावतो. म्हणून अशा वेळी वाट न बघता पशुवैद्यकाला बोलवायचं. खुराक बदलायचा असेल तोही एकदम न बदलता आठ-पंधरा दिवसांत थोडा थोडा बदलायचा, म्हणजे पोटातल्या जिवाणूंना जुळवून घ्यायला वेळ मिळतो.

उकिरड्याचंही तसंच. शेणखताच्या ढिगाला ओल आणि हवा दोन्ही मिळाली की जिवाणू इतक्या जोमानं काम करतात की ढीग आतून ६० अंशांच्या वर तापतो, हात घालवत नाही. त्या उष्णतेत तणाचं बी आणि रोगाचे बरेच जंतू मरतात. ढीग पालथा घालायचा तो आत हवा जावी म्हणून. न कुजलेलं शेण किंवा नुसती काडी वावरात गाडली तर कुजवण्यासाठी लागणारा नत्र जिवाणू जमिनीतूनच उचलतात आणि पीक काही दिवस उपाशी राहतं. शिवाय कच्च्या शेणाला हुमणीचे भुंगेरे येतात ते वेगळंच.

याच शेणाला हवा मिळू दिली नाही तर गोबरगॅस होतो. तिथं आधी जिवाणू शेण फोडतात आणि मग शेवटची पायरी, म्हणजे मिथेन करण्याचं काम, आर्किया नावाचे सूक्ष्मजीव करतात. दिसायला जिवाणूंसारखेच, पण कूळ वेगळं. जून २०२० मध्ये बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या सरोवराचं पाणी अचानक गुलाबी झालं, तेव्हा लोक देवाधर्माचं बोलू लागले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं, तर मीठ आवडणारे आर्किया वाढलेले निघाले. उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला होता, आणि त्यांना ते मानवलं होतं. एरवी लोणारचं पाणी हिरवं दिसतं ते नीलहरित जिवाणूंमुळे. त्यांच्याच जातीनं सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू भरायला सुरुवात केली. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांध्यांमध्येही ते असतात आणि धानाला थोडाफार नत्र देतात.

जुन्या लोकांना अंबाडीचा वाख आठवत असेल. अंबाडीच्या काड्यांच्या पेंढ्या नाल्याच्या डोहात दगडाखाली दाबून ठेवायच्या, पाणी काळं पडून वास सुटला की साल सोलायची, धुवायची आणि त्याचा दोर वळायचा. त्या वासाच्या पाण्यात जिवाणू तंतूंना चिकटवून ठेवणारा डिंकासारखा भाग खाऊन टाकत आणि तंतू मोकळे होत. कासरा, दावं, चऱ्हाट, सगळं त्यातूनच येई.

कपाशीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण विदर्भात जिवाणूचं नाव सगळ्यात जास्त वेळा बियाण्याच्या पाकिटावरच वाचलं जातं. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीतला एक जिवाणू. १९०१ मध्ये जपानमध्ये इशिवाता यांना तो मेलेल्या रेशीमकिड्यांत सापडला आणि पुढे जर्मनीतल्या थुरिंजिया प्रांतावरून त्याला नाव मिळालं. तो एक प्रथिन तयार करतो. अळीनं ते खाल्लं की तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात ते विरघळतं, आतड्याच्या भिंतीला चिकटतं आणि तिला भोकं पाडतं. आपल्या पोटात आम्ल असतं आणि आतड्याला ते चिकटायला जागा नसते. त्या प्रथिनाचं जनुक कपाशीत घातलं ती बीटी कपाशी. २००२ मध्ये तिला भारतात परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांची आली. हिरव्या बोंडअळीवर तिनं खरोखर चांगलं काम केलं. पण गुलाबी बोंडअळी जवळजवळ कपाशीवरच जगते. तिच्या पिढ्यांमागून पिढ्या हेच प्रथिन खात गेल्या आणि जी पचवू शकली तिचाच वंश वाढला. २०१७ च्या हंगामात विदर्भानं त्याची किंमत मोजली. पचवू न शकणाऱ्या अळ्याही टिकाव्यात म्हणून कडेला बिगर-बीटी ओळी लावायला वेगळं बियाणं मिळायचं, ते बहुतेकांनी पेरलं नाही, आणि ओलिताच्या कपाशीची फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही उभं ठेवलेलं पीक, मार्च-एप्रिलपर्यंत ठेवली, त्यात अळीला बारमाही खाणं मिळालं. फरदड डिसेंबरअखेर मोडली आणि पऱ्हाटी वावरात रचून ठेवली नाही तर हिची साखळी तुटते. ही गोष्ट पुढे औषधांकडे जाताना कामी येणार आहे.

माणसाच्या शरीरातही जिवाणू आपल्या पेशींच्या तोडीस तोड आहेत: २०१६ च्या एका हिशेबाप्रमाणे साधारण ३८ लाख कोटी, आणि आपल्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. बहुतेक मोठ्या आतड्यात. भाकरी, डाळी, भाजी यातला जो चोथा आपल्याला पचत नाही, त्यावर ते जगतात. बदल्यात आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लं आणि रक्त गोठायला लागणारं के जीवनसत्त्व देतात, शिवाय रोगाच्या जंतूंना बसायला जागा ठेवत नाहीत.

त्यातलाच ई. कोलाय विहिरीच्या पाण्यात सापडला तर मात्र कान टवकारायचे. त्याच्या बहुतेक जाती निरुपद्रवी असतात. तरी पाण्यात त्याचं असणं म्हणजे विष्ठा पाण्यापर्यंत पोचल्याचा पुरावा, आणि त्याच वाटेनं कॉलरा, टायफॉइड, हगवणीचे जंतूही येऊ शकतात. पहिल्या दोन-तीन पावसांत नाल्याचं, गोठ्याचं पाणी विहिरीत उतरतं तेव्हा धोका सगळ्यात मोठा असतो. ग्रामपंचायतीची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर त्यासाठीच. पण ती मूठभर घेऊन वरून भिरकावली तर काही साधत नाही. बादलीत आधी लगदा करायचा, पाणी घालून चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडून बादलीनं ढवळायचं आणि किमान अर्धा तास कोणी पाणी भरायचं नाही. गढूळ पाण्यात, पाचोळा पडलेल्या पाण्यात क्लोरीन त्या घाणीवरच खर्च होतो, म्हणून मात्रा जास्त लागते. उघडी राहिलेली गोणी महिन्याभरात जोर गमावते. ओटी टेस्टमध्ये, म्हणजे क्लोरीन तपासायच्या चाचणीत, नळाचं पाणी पिवळसर झालं तरच पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. पाण्याला थोडा वास येतो म्हणून जलसुरक्षकाशी भांडू नका. तो वास यायलाच हवा.

शेणाचा आणखी एक रहिवासी म्हणजे धनुर्वाताचा जिवाणू. मातीत तो बीजाणूच्या, म्हणजे टणक कवचातल्या बीसारख्या रूपात वर्षानुवर्षं झोपून राहतो, कारण हवा त्याला सोसत नाही. बाभळीचा काटा किंवा गंजका खिळा खोल घुसला की आत हवा नसलेली जागा मिळते आणि तो जागा होतो. म्हणून जखमेला माती, शेण, राख काही लावायचं नाही. साबण-पाण्यानं धुवायचं आणि लस घ्यायची. पूर्वी बाळंतिणी आणि तान्ही बाळं नाळ कापण्याच्या अस्वच्छ पात्यामुळे यानं जात. गरोदरपणातली इंजेक्शनं आणि दवाखान्यातली बाळंतपणं वाढली आणि २०१५ मध्ये हा आजार माता-बालकांतून जवळपास नाहीसा झाल्याचं भारतानं जाहीर केलं. जनावरांतले घटसर्प आणि फऱ्या हेही जिवाणूंचेच रोग. त्यांची लस पावसाळ्याआधी टोचून घ्यायची, झडी लागल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. आणि पावसाळ्यात गवतात काम केल्यावर ताप आला, अंगावर कुठं विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना ती आवर्जून दाखवा. बारीक गोचीडवर्गीय किड्याच्या चाव्यातून येणाऱ्या स्क्रब टायफसची ती खूण असू शकते. वेळेत ओळखला तर साध्या डॉक्सिसायक्लिननं बरा होतो, उशीर झाला तर जीव जातो.

रोगाच्या जिवाणूवरचं औषधही बऱ्याचदा मातीतूनच आलं. मृगाच्या पहिल्या सरीनंतर काळ्या मातीतून जो वास उठतो, तो मुख्यतः स्ट्रेप्टोमायसेस या जिवाणूंच्या एका रसायनाचा. मातीत जागेसाठी आणि अन्नासाठी त्यांची इतरांशी सतत मारामारी चालते आणि त्यात ते एकमेकांना मारणारी द्रव्यं सोडतात. १९४३ मध्ये अमेरिकेत वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ यांनी अशाच एका जातीतून स्ट्रेप्टोमायसिन वेगळं काढलं. क्षयरोगावर उतरलेलं ते पहिलं प्रतिजैविक.

पण प्रतिजैविकाच्या बाबतीत आपण बीटीचाच किस्सा पुन्हा घडवतो आहोत. सर्दी-तापाला मेडिकलमधून दोन गोळ्या आणायच्या, बरं वाटलं की बाकीच्या फळीवर टाकायच्या, पुढच्या खेपेला त्याच शेजारणीला द्यायच्या. विषाणूवर त्या गोळ्यांचा शून्य परिणाम होतो. अंगातल्या जिवाणूंपैकी कच्चे मात्र मरतात आणि चिवट मागे राहून वाढतात. गाईच्या दगडीला (कासेच्या सुजेला) स्वतःच्या मनानं ट्यूब भरणं, औषध चालू असताना तेच दूध डेअरीला घालणं, यानंही तेच होतं.

क्षयरोगाची गोळी इतके महिने का घ्यावी लागते, हा प्रश्न आशाताईंना घरोघरी ऐकावा लागतो. उत्तर वाढीच्या वेगात आहे. ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो, क्षयाच्या जिवाणूला त्यासाठी साधारण २० तास लागतात. कुष्ठरोगाचा तर इतका मंद की त्याला बारा-चौदा दिवस लागतात. १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सननं तो शोधला, पण आजवर प्रयोगशाळेतल्या बशीत कोणाला तो वाढवता आलेला नाही. औषधं बहुतेक करून वाढत्या जिवाणूवर काम करतात. जो सुस्त पडून आहे तो वाचतो आणि गोळ्या थांबल्या की उठतो. म्हणून साध्या क्षयाला ६ महिने, कुष्ठरोगाला प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने. खोकला दुसऱ्या महिन्यातच थांबतो, वजन वाढायला लागतं, आणि नेमक्या तेव्हाच माणूस गोळ्या सोडतो.

वर्ध्याजवळच्या दत्तपूरच्या कुष्ठधामाची, वरोऱ्याजवळच्या आनंदवनाची ही भूमी आहे. तिथं ज्या काळात काम सुरू झालं तेव्हा या रोगावर खात्रीचं औषध जवळजवळ नव्हतं. आज प्राथमिक आरोग्य केंद्रात ते फुकट मिळतं, आणि उपचार सुरू झाल्यावर काही दिवसांतच त्या माणसापासून दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता फार कमी होते. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर लपवू नका. क्षय असो की कुष्ठरोग, दोन्हीच्या उपचारात रिफाम्पिसिन असतं आणि त्यानं लघवी नारिंगी-लालसर होते. ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे. त्याला घाबरून कितीतरी जण पहिल्याच आठवड्यात गोळ्या बंद करतात, तेव्हा घरात कोणी ही औषधं घेत असेल तर हे आजच सांगून ठेवा.